लोकलचा जुना डबा लोकांसाठी उभा करायचाय? रंगाचं शेवटी बघू

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऐरोलीतल्या एका शिक्षणसंस्थेला लोकल डीसी म्हणजे एकदिश विजेवर धावायच्या त्या काळातला एक मोटर कोच, म्हणजे मोटरी असलेला डबा, मिळण्याची शक्यता आहे. तो मैदानाच्या कडेला उभा करून मुलांना आणि आसपासच्या लोकांना दाखवायचा विचार आहे. विचारलंय ते चार गोष्टींबद्दल: कोणता रंग टिकेल, आतले दिवे-पंखे चालतील का, हॉर्न वाजवता येईल का आणि सगळा मिळून खर्च किती.

माझी नोकरी कारशेडमध्ये गेली, बहुतेक डीसी गाड्यांच्या देखभालीत. निवृत्तीनंतर अशा प्रदर्शनाच्या डब्यांसाठी कोणी विचारलं तर सल्ला देतो. तुमचे चारही प्रश्न योग्य आहेत, पण ते उद्घाटनाच्या दिवसापर्यंतचे आहेत. रंगवून, दिवे लावून, फीत कापायला डबा तयार करणं फार अवघड नाही. रबाळे-महापे भागात पत्र्याचं काम करणाऱ्यांची कमी नाही. पाचव्या पावसाळ्यानंतर त्याच डब्यात पन्नास मुलं चढवायची तुमची हिंमत होईल का, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर छप्पर, जमीन आणि पाण्याचा निचरा या तीन गोष्टींत आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत. डबा कारशेडमधून चालत्या अवस्थेतून येतोय की यार्डात काही वर्षं पडून होता, याने कामात दुपटीचा फरक पडतो. खालची यंत्रसामग्री जागेवर आहे की काढून नेली आहे, हेही बघावं लागेल. रेल्वे बाद झालेले डबे ई-लिलावात भंगार म्हणून विकते. एकदा डबा त्या यादीत गेला की तो वजनावर मोजला जातो, आणि घेणाऱ्याचा हात आधी तांब्याकडे जातो. म्हणून पत्रव्यवहार लिलावाच्या आधी करा आणि पत्रात नुसतं 'एक डबा' असं लिहू नका. चाकं फिरवणाऱ्या ट्रॅक्शन मोटर, वरच्या वायरमधून वीज घेणारा पॅन्टोग्राफ, मोटरमनच्या हँडलचा मास्टर कंट्रोलर, मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कॉन्टॅक्टरच्या पेट्या, पंखे, घंटी, नंबरच्या पाट्या, सीटच्या फळ्या हे सगळं डब्यासोबत राहील, अशी यादीच जोडा. नाहीतर तुमच्या दारात रिकामं खोकं येऊन उभं राहील.

आता छप्पर. ठाणे-ऐरोली पट्ट्यात वर्षाला २५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि शेजारीच खाडी, म्हणजे हवेत खार. धावती गाडी रोज धुतली जाते, वाऱ्याने वाळते आणि ठरावीक मुदतीने पीओएचला, म्हणजे मोठ्या दुरुस्तीला, जाऊन अख्खी उघडली जाते. उभा डबा यातल्या एकाही गोष्टीला पात्र नसतो. त्याच्यावर पडलेलं पाणी तिथेच राहतं. त्यामुळे चालती असताना पंचवीस-तीस वर्षं टिकलेली बॉडी उघड्यावर उभी केली तर चार-पाच पावसाळ्यांत खालून पोखरली जाते. एका ठिकाणी, नाव घेत नाही, डबा इतका सुंदर रंगवला होता की लांबून लोक फोटो काढायला यायचे. तिसऱ्या पावसाळ्यानंतर दारातल्या तळाला पायाच्या अंगठ्याने भोक पडेल अशी अवस्था होती. रंग तेव्हाही चकचकीतच होता.

म्हणून माझा सल्ला असा की बजेटमधला पहिला रुपया शेडवर घाला. साधी पत्र्याची शेड चालेल, पण डब्याच्या दोन्ही बाजूंना निदान दोन-अडीच मीटर पुढे आलेली हवी, कारण आपल्याकडचा पाऊस सरळ पडत नाही. नैर्ऋत्येची बाजू तर आणखी खाली उतरवा किंवा जाळी-झडप लावा. दोन्ही डोकी बंद करू नका, हवा खेळली पाहिजे. शेडचे पैसे नसतील तर डबा आणू नका. हे ऐकायला कडवट वाटेल, पण छप्पर नंतर करू म्हणणाऱ्यांचं छप्पर झालेलं मी तरी पाहिलेलं नाही.

जमिनीचं असं की खाडीकाठच्या बऱ्याच भागात वर मुरूम आणि खाली चिखलमाती आहे. मोटर कोच साठ टनांच्या घरात जातो. भरावावर नुसती खडी टाकून रूळ ठेवले तर एक बाजू बसते, बॉडीला पीळ पडतो आणि पहिल्यांदा दारं अडकायला लागतात. माती तपासून घ्या, रुळांखाली काँक्रीटची पट्टी घ्या, त्यावर खडी आणि स्लीपर दिसायला ठेवा. दोन्ही बाजूंनी उताराची गटारं काढा. डब्याखाली पाणी तुंबलं तर वरच्या शेडचा निम्मा उपयोग गेला, कारण ओलावा खालून वर चढतो आणि अंडरफ्रेमला, म्हणजे डब्याच्या तळाच्या सांगाड्याला, धरतो. रूळ ब्रॉडगेजचेच, १६७६ मिलिमीटर अंतराचे, हे सांगायला नको. पण एका ठिकाणी ठेकेदाराने अंदाजाने रूळ टाकून ठेवले होते, म्हणून सांगितलं.

वाहतुकीबद्दल थोडक्यात. लोकलचा डबा ३.६६ मीटर रुंद असतो, म्हणजे रस्त्यावर तो अवाढव्य मालात मोडतो. बॉडी आणि बोगी (खालचे चाकांचे गाडे) वेगवेगळ्या ट्रेलरवर, परवानगी घेऊन, रात्री. वाटेतले पूल, कमानी आणि आडव्या वायरी आधी मोजून घ्या. बॉडी उचलताना जॅकिंगच्या ठरलेल्या जागांवरच उचलावी. क्रेनवाला कुठेही पट्टा घालायला निघाला तर थांबवा. हे काम ज्याने आधी रेल्वेचं केलंय त्यालाच द्या.

डबा जागेवर आला की सगळ्यांचे हात शिवशिवायला लागतात, घासकाम सुरू करायचं म्हणून. तिथे आठ दिवस थांबा आणि नुसतं बघा. फोटो काढा, मापं घ्या, प्रत्येक पाटी, प्रत्येक स्टेन्सिल टिपून घ्या: डब्याचा नंबर, वजन, पीओएचची तारीख, कुठल्या कारशेडचा. बाहेरच्या भिंतीवर दोन-तीन जागी, नजरेत न भरणाऱ्या कोपऱ्यात, बारीक पॉलिशपेपरने पाणी लावून पायरी-पायरीने रंग घासा. एकेक थर गोल कडीसारखा उघडा पडतो. आजचा रंग, त्याखालचा पिवळा-चॉकलेटी, त्याखाली आणखी जुना, आणि तळाला प्रायमर. कोणता रंग लावू, या तुमच्या प्रश्नाचं खात्रीचं उत्तर त्या चार इंचांत मिळतं. ती जागा नंतरही तशीच ठेवा, वर पारदर्शक झाकण लावून. लोक तिथे सगळ्यात जास्त वेळ थांबतात.

डबा नक्की कोणत्या काळातला दाखवायचा, हे मात्र तुम्हालाच ठरवावं लागेल. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर, आणि हार्बरवरची शेवटची डीसी गाडी एप्रिल २०१६ मध्ये निघाली. म्हणजे 'डीसी काळ' एक्क्याण्णव वर्षांचा आहे. तुम्हाला मिळणारा डबा बहुधा त्या काळाच्या शेवटच्या टप्प्यातला असेल. त्याला १९२५ चा दाखवण्यासाठी लाकडी नक्षी आणि पितळी दांडे लावायचा मोह होतो. समितीतलं कोणीतरी हमखास सुचवतं. करू नका. १९८० किंवा १९९० च्या सुमाराची लोकल हाही आता इतिहासच आहे, आणि ती आठवणारी माणसं अजून ऐरोलीतच राहतात. वारसा रेल्वे चालवणाऱ्या युरोपातल्या मंडळींनी २००५ मध्ये रिगा इथे एक सनद केली. तिचा रोख असा की मूळचं जितकं टिकवता येईल तितकं टिकवा आणि जे बदलाल त्याची नोंद ठेवा. आपल्याला तेवढं पुरे.

मूळचं म्हणजे काय, याचं एक उदाहरण देतो. सरकत्या दाराला भिंतीच्या दोन पत्र्यांमध्ये जो खण असतो, तो उघडला की आत वर्षानुवर्षांचा ऐवज सापडतो. तिकिटाची कुपनं, तुटका कंगवा, शेंगांची टरफलं, कुणाच्या तरी डब्याचं झाकण, आणि या सगळ्याचा ओला लगदा. तो लगदाच पत्रा खातो, म्हणून काढायलाच हवा. पण कुपनं वाळवून काचेखाली ठेवा. लगेज रॅकच्या सळीला दसऱ्याच्या तोरणाचा सुतळीचा तुकडा असेल, सीटच्या पाठीवर किल्लीने कोरलेली नावं असतील, ती पुसू नका. पत्त्यांचा डाव आणि भजन रोज जिथे बसलं, तिथला सनमायका वेगळाच गुळगुळीत झालेला असतो. तो बदलून नवा चकचकीत लावला तर दाखवायला उरलं काय?

आता गंज. हातोडी घेऊन खालून सगळीकडे ठोकत जा, आवाजावरून कळतं. खणखणीत वाजला तर पत्रा ठीक, भद्द आवाज आला तर आत पोकळ. दाराखालचा तळ, खिडकीच्या पट्टीखालचा भाग, छताची पन्हळ, सोलबारचा (बाजूच्या लांब तुळईचा) आतला कोपरा, हेडस्टॉक (टोकाची आडवी तुळई), या पाच जागी वाईट बातमी आधी मिळते. वरची फ्लोअरिंग शीट उचलल्याशिवाय तळाचा निकाल देऊ नका. शीट आणि नालीदार पत्रा यांच्यामध्ये पाणी अडकतं आणि गंजाचे पापुद्रे खारी बिस्किटासारखे सुटून येतात. अल्ट्रासोनिक जाडीमापक भाड्याने मिळतो. मी स्वतः असा नियम पाळतो की भार घेणाऱ्या भागाची मूळ जाडी पावभागाहून जास्त गेली असेल तर तो भाग कापून नवा घालायचा. त्यावर लांबी (पुट्टी) भरून गुळगुळीत करणं म्हणजे पुढच्या माणसाला फसवणं. भार न घेणाऱ्या पत्र्यात मात्र लहानसा खड्डा असला तर राहू द्या.

वेल्डिंगबद्दल दोन गोष्टी, कारण बाहेरच्या वेल्डरला त्या माहीत नसतात. एक, अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावायचा. तो लांब बोगीला लावला तर करंट ॲक्सलच्या बेअरिंगमधून जातो आणि रोलरला खड्डे पडतात. दोन, आतल्या पत्र्यामागे डांबरी लेप आणि जुनं इन्सुलेशन असतं, ते धुमसतं. काम संपल्यावर तासभर तरी माणूस पाण्याची बादली आणि फायर एक्स्टिंग्विशर घेऊन तिथेच बसला पाहिजे.

त्याआधी तपासणी हवी ती विषारी गोष्टींची, आणि शाळेच्या आवारात हे टाळता येणार नाही. जुन्या रंगांत आणि प्रायमरमध्ये शिसं असू शकतं. जुन्या कॉन्टॅक्टरच्या आर्कशूटमध्ये (ठिणगी विझवणाऱ्या खोक्यांत), गरम होणाऱ्या भागांच्या आजूबाजूला ॲस्बेस्टॉस असू शकतं. नमुने प्रयोगशाळेत पाठवा. सापडलं तर कोरडं घासकाम बंद, साधे रुमाल बांधून काम करणं बंद. तो कचरा पालिकेच्या कुंडीत जात नाही. तळोज्याला घातक कचऱ्याची विल्हेवाट लावण्याची सोय आहे, तिथे नोंद करून पाठवावा लागतो. बॅटऱ्या असतील तर पहिल्याच दिवशी उतरवा, त्यातलं ॲसिड खालचा पत्रा खात असतं.

इतकं झाल्यावर तुमचा पहिला प्रश्न, रंग. ब्रँड कोणताही घ्या, मोठ्या कंपन्यांचा औद्योगिक रंग चालतो. पृष्ठभाग नीट तयार असेल तर साधा रंगही टिकतो, नसेल तर महागडाही सोलून निघतो. अंडरफ्रेमला ग्रिट ब्लास्टिंग ठीक आहे, पण बाजूच्या पातळ पत्र्यांना जोराचं ब्लास्टिंग दिलं तर ते ढोलासारखे फुगतात. तिथे हाताने आणि मशीनच्या ब्रशने काम करा. मग इपॉक्सी झिंक फॉस्फेट प्रायमर, मधला इपॉक्सी थर आणि वर दोन भागांचा पॉलियुरेथेन. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल किंवा पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी जास्त नसेल तर त्या दिवशी रंगकाम करायचं नाही. आपल्याकडे याचा सरळ अर्थ असा की हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. १ मेच्या उद्घाटनासाठी एप्रिलमध्ये घाई करणाऱ्यांना मी नाही म्हणतो. आणि पाणी बाहेर जायची मूळ भोकं रंगाने किंवा लांबीने बुजवू नका, हे पेंटरला दोनदा सांगा.

दिवे-पंखे चालतील, पण मूळ वायरिंगवर नाही. जुन्या वायरींचं रबर कडक होऊन तडकलेलं असतं. त्या जागेवरच राहू द्या, दोन्ही टोकं कापून बंद करा आणि नवी २४ व्होल्टची लाइन वेगळ्या पाइपातून घ्या. दिव्यांच्या मूळ शेडमध्ये एलईडी बसवता येतात. फक्त पांढरा भगभगीत प्रकाश घेऊ नका, डबा ऑपरेशन थिएटर वाटतो. पंख्यांचे मूळ सांगाडे ठेवून एका खणातल्या चार पंख्यांना आत लहान मोटर बसवून घ्या, बाकीचे बंदच राहू द्या. पॅन्टोग्राफ खाली बांधून ठेवा आणि छतावर जायची शिडी काढून कुलपात ठेवा.

हॉर्न मुलांना हवाच असतो. पण डब्याच्या जुन्या हवेच्या टाक्यांत दाब भरायचा नाही. त्या आतून गंजलेल्या असतात आणि फुटल्या तर जीव घेतात. हॉर्नच्या नळीला वेगळा छोटा कॉम्प्रेसर जोडा, दाब कमी ठेवा, आणि बटणाला टायमर लावा, नाहीतर शेजारच्या सोसायटीची तक्रार पहिल्याच रविवारी येईल.

हॉर्नपेक्षा चांगली गोष्ट दाखवायची असेल तर एका बाजूचं कॉन्टॅक्टरच्या पेटीचं झाकण काढून तिथे पारदर्शक जाड ॲक्रिलिक लावा आणि आत दिवा ठेवा. डीसी लोकल सुटताना जो धक्का बसायचा, त्याचं कारण तिथे डोळ्यांनी दिसतं. १५०० व्होल्ट एकदम मोटरवर सोडता येत नाहीत, म्हणून सुरुवातीला मोटर एकामागोमाग सिरीजमध्ये जोडलेल्या असतात आणि मध्ये रेझिस्टन्स असतो. मोटरमनने हँडल पुढे घेतलं की आतला कॅमशाफ्ट (कॉन्टॅक्टर चालवणारा दांडा) एकेक घर फिरतो, एकेक रेझिस्टन्स बाद होतो, आणि प्रत्येक घराला गाडी किंचित पुढे ओढली जाते. मग मोटरच्या जोड्या पॅरललमध्ये येतात. तोवर बरीचशी वीज रेझिस्टन्सच्या जाळ्यांत तापून वाया गेलेली असते. लोकल स्टेशन सोडताना खालून येणारी गरम हवा तीच. कॅमशाफ्टला हाताने फिरवायचा दांडा जोडून दिला तर सातवीतलं मूल पाच मिनिटांत सिरीज-पॅरलल समजून घेतं. शेजारी केबिनमध्ये डेडमॅन हँडल, म्हणजे मोटरमनचा हात सुटला की ब्रेक लावणारं हँडल, ठेवा: दाबून धरलं तर हिरवा दिवा, सोडलं तर लाल. ब्रेक लागण्याचं तत्त्व तेवढ्यात कळतं.

चढण्या-उतरण्याचं विसरू नका. तळ रुळापासून साधारण १.२ मीटरवर असतो. १ ला १२ च्या उताराने रॅम्प घेतला तर तो १४ मीटरहून लांब होतो, मध्ये विसाव्याची सपाट जागा वेगळी. इतकी जागा आराखड्यात आधीच धरा. त्यापेक्षा एका बाजूला खरा फलाट बांधा, त्यावर ठाण्याच्या स्टेशनसारखी एखादी पाटी लावा आणि रॅम्प फलाटाच्या डोक्याशी उतरवा. दुसरी बाजू मोकळी ठेवा, म्हणजे खालची यंत्रं बघता येतात आणि देखभालीला माणूस आत शिरू शकतो.

खर्चाचा आकडा डबा बघितल्याशिवाय देणारा माणूस एकतर अंदाज मारतोय किंवा काम मिळवतोय. विभागणी मात्र सांगतो. शेड, जमीन आणि फलाट हा एक मोठा भाग, क्रेन आणि वाहतूक हा दुसरा, आणि खुद्द डब्याचं काम तिसरा. बहुतेक संस्था तिसऱ्यालाच एकूण खर्च समजतात. याशिवाय दरवर्षीची रक्कम वेगळी काढून ठेवा: पावसाळ्याआधी पन्हळ आणि निचऱ्याची भोकं साफ करणं, पावसाळ्यानंतर खालून हातोडी फिरवणं, निघालेल्या रंगाच्या जागी हात फिरवणं. यासाठी तुमच्या संस्थेतला एक माणूस नावानिशी नेमा. 'समिती बघेल' असं ठरलं की कोणीच बघत नाही.

एवढी यातायात कशाला, असं संस्थेत कोणी विचारलं तर ट्रामचं सांगा. मुंबईत विजेची ट्राम ७ मे १९०७ ला सुरू झाली आणि ३१ मार्च १९६४ ला बंद झाली. इतकी वर्षं रस्त्यांवर धावलेल्या त्या ट्राममधल्या आज बघायला मिळतात त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. डीसी लोकलचं तसंच व्हायला फार वेळ लागणार नाही, कारण भंगाराचा भाव चांगला आहे.

पुढचं नेमकं सांगायला मला तीन फोटो हवेत: दाराखालचा सोलबार खालून, छताची पन्हळ शिडीवरून, आणि फ्लोअरिंग शीटचा एक कोपरा उचलून आतला तळ. डबा यार्डात असतानाच काढा आणि कारशेडच्या माणसाला सोबत घेऊन जा. सोलबार बरा निघाला तर होकार द्या. तो गेलेला असेल तर त्याच रेकमधला (गाडीच्या संचातला) दुसरा डबा मागा. शेवटचा निर्णय होईपर्यंत बदलून मागायला कोणी हरकत घेत नाही.